बरणीत न मावलेलं

त्या इमारतीत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळे बरणीताई म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. बैठकीच्या खोलीत, दारातून पाऊल टाकलं की समोरच दिसेल अशा फळीवर, एक काचेची बरणी होती. मूळची कॉफीची. आता तिच्यात अख्ख्या घराचा अख्ख्या वर्षाचा कचरा राहायचा: गोळ्यांची रिकामी पाकिटं, पेनाच्या संपलेल्या कांड्या, एक तुटकं बटण, दुकानातल्या चकचकीत पावत्या. बाकी घरातल्या प्रत्येक वस्तूचं पुढे काही ना काही व्हायचंच. जुन्या चादरीच्या पिशव्या व्हायच्या, पिशव्या विरल्या की हातपुसणी, हातपुसणी विरली की उशीत भरायच्या चिंध्या. भाजीची सालं गॅलरीतल्या कुंडीत मुरून खत व्हायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "या घरात मी जरा वेळ निवांत बसलो, तर ही माझीसुद्धा पिशवी शिवून टाकेल."

दर शनिवारी दुपारी तिच्याकडे दहा-बारा बायका हे सगळं शिकायला जमत. ती फुकट शिकवायची, मनापासून शिकवायची. फक्त शिकवता शिकवता तिचा आवाज जरा चढायचा. एखादीने बाजारातून प्लॅस्टिकच्या पिशवीत काही आणलं, तर बरणीताई काही बोलत नसे, नुसती त्या पिशवीकडे बघायची. ती बाई पुढच्या शनिवारी कापडी पिशवी घेऊन हजर.

ही सगळी विद्या तिला मिळाली होती सासूबाईंकडून. सासूबाईंनी हयातभर लोकांचे कपडे शिवले. लग्नानंतर पहिल्या महिन्यात त्यांनी सुनेला शिवायला नाही, उसवायला शिकवलं. "धागा तोडू नकोस गं, ओढून काढ. तोही लागतो," म्हणाल्या. ओढून काढलेले धागे त्या एका रिकाम्या डबीत ठेवत आणि बटणं लावायला वापरत. बायकांना ही गोष्ट सांगताना बरणीताई नेहमी म्हणायची, "एका वडीलधाऱ्या बाईने मला शिकवलं." ती वडीलधारी बाई भिंतीपलीकडेच झोपलेली आहे, हे मात्र सांगायचं राहून जायचं.

सासूबाई आठ महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून त्या आतल्या खोलीतल्या पलंगाच्याच झाल्या. डॉक्टरीणबाईंनी डायपर लिहून दिले. बरणीताईने आधी ते मनावर घेतलं नाही. तिने जुने टॉवेल आणि मऊ झालेल्या चादरी काढल्या, रात्रंदिवस खपून बारा कापडी डायपर शिवले, पट्ट्या लावल्या, कडा दुमडून घेतल्या. काम इतकं सफाईदार होतं, की सासूबाईंनी स्वतः टाके तपासून "छान झालंय" म्हटलं. आठव्या दिवशी त्यांच्या पाठीला आणि मांड्यांना चट्टे उठले. बाराव्या दिवशी कातडी सोलली. डॉक्टरीणबाई तिच्यावर अशा काही उखडल्या, की ती परतताना औषधाच्या दुकानातून दोन मोठे पुडे घेऊनच आली.

दिवसाला चार डायपर. म्हणजे बरणी एका दिवसात भरली असती आणि वर झाकण बसलं नसतं.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. बायांनो, आमच्याकडे आजारी माणूस आहे, तेवढं सोडून बाकीचं बरणीत. कुणी नाक मुरडलं नसतं. पण पहिल्या शनिवारी तिला वाटलं, आज नको, आज नव्या बायका आल्यात. दुसऱ्या शनिवारी विषय खताचा होता. तिसऱ्या शनिवारी तर सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं, कारण लपवण्याची व्यवस्था तोवर नीट बसली होती. सकाळी दाताच्या दवाखान्यात नोंदी ठेवायच्या कामाला निघताना ती एक पुडकं बरोबर घेई. आत वापरलेले डायपर, वर वर्तमानपत्र, त्यावर कापडाच्या पट्टीची गाठ. ते पुडकं ती स्वतः शिवलेल्या ठिगळांच्या सुरेख पिशवीत घालून नेई आणि बसथांब्यामागच्या मोठ्या कचराकुंडीत टाकून, इकडेतिकडे बघत, चटकन चालू लागे. चोराने चोरी करून यावं तशी ती दवाखान्यात पोचायची, आणि साबणाने दोनदा हात धुवायची.

शनिवारी आतल्या खोलीचं दार लोटलेलं असे. "आई, तासाभराचा प्रश्न आहे," ती म्हणायची.

"असू दे गं. मी कुठे जातेय?" सासूबाई म्हणायच्या आणि स्वतःच चादर हनुवटीपर्यंत ओढून घ्यायच्या. दार लोटलं तरी ते दारच, भिंत नव्हे. बोललेलं सगळं आत ऐकू जायचं.

मग एक चमत्कार झाला. चाराचे तीन डायपर झाले. आणि महिन्याभरात तिनाचे दोन.

बरणीताईला इतका आनंद झाला, की तिने नवरा कामावर असताना त्याला फोन करून सांगितलं. "आईंना बरं वाटतंय हं. आता दोनातच भागतं." पुडकं हलकं झालं, पिशवी फुगेनाशी झाली. त्याच सुमारास सासूबाईंच्या खिडकीतलं रोप पिवळं पडायला लागलं. बाटली कापून, उलटी टांगून, तिनेच ते केलं होतं. सासूबाईंना पडल्या पडल्या हिरवं दिसावं म्हणून, आणि पलंगावरून हात पोचेल इतकं जवळ. तिने माती बोटाने दाबून पाहिली, तर चिखल. मुळं कुजायला लागली होती. "या रोपाला पाणी कोण घालतंय एवढं?" तिने नवऱ्याला विचारलं. त्याने खांदे उडवले. तो बिचारा स्वतःला चहा ओतून घ्यायचा नाही, रोपाला कुठून पाणी घालणार? तिने माती बदलली आणि विषय सोडून दिला. बायकांना मात्र त्या शनिवारी सांगितलं, की कुजलेलं मूळ कसं ओळखायचं.

मग बायकांच्या एका मासिकाने तिच्यावर लेख करायचं ठरवलं. मासिकवाली कॅमेरा घेऊन शनिवारीच आली. बरणी पुसून लख्ख केलेली होती. बायका ठेवणीतले कपडे घालून, आपापल्या शिवलेल्या पिशव्या मांडीवर धरून बसल्या होत्या. बरणीताई त्या दिवशी रंगात आली. "कचरा ही सवय असते," ती म्हणाली. "घरात कचरा होतो, कारण आपण तो होऊ देतो. मनात आणलं तर थांबतो."

मागे बसलेल्या एका नव्या बाईने हात वर केला. जाड चष्मा, चेहरा ओढलेला. "ताई, घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर? माझे वडील आहेत. डायपरचा एवढा ढीग होतो हो, मला तुमच्यासमोर सांगायलाही लाज वाटते."

सगळ्यांनी बरणीताईकडे पाहिलं. मासिकवालीने लिहिता लिहिता मान वर केली. आणि बरणीताई काय बोलली? अगदी सहज, हसत बोलली.

"आमच्या सासूबाईही अंथरुणावरच आहेत की. मी कापडी शिवलेत. धुवायचे, वाळवायचे, पुन्हा वापरायचे. आठ महिने झाले, एकही विकतचा नाही. सगळं मनावर असतं."

तिने कपाटातून ते बारा कापडी डायपर आणून दाखवलेसुद्धा. स्वच्छ, घडी घातलेले. असणारच स्वच्छ, बारा दिवसांपलीकडे ते कुणी वापरले होते? चष्मेवालीने एक हातात घेऊन उलटसुलट पाहिला, मापं लिहून घेतली. मासिकवालीने त्याचा फोटो काढला.

बायका गेल्यावर ती आत गेली, तर सासूबाई तिला ओळखेनात. ओठ कोरडे ठणठणीत, जीभ जड, डोळे खोल गेलेले. "माप घ्यायचं राहिलंय, गिऱ्हाईक येऊन बसलंय," असं काहीबाही बोलत होत्या. हाताला ताप लागत होता. उशाशी सकाळचा पाण्याचा जग होता, रिकामा. आणि खिडकीतल्या बाटलीतून, नव्या मातीतून, थेंब थेंब पाणी फरशीवर गळत होतं.

हॉस्पिटलात सलाईन लावल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसाला किती डायपर लागत होते?"

"दोन."

"आणि आधी?"

"चार."

"चाराचे दोन झाले, तेव्हा तुम्हाला काय वाटलं?"

बरणीताई काय सांगणार? की मला बरं वाटलं, मी फोन करून आनंद साजरा केला? डॉक्टरीणबाई पुढे फार काही बोलल्या नाहीत. पाणी जवळजवळ बंद केलंय, लघवीत जंतू झालेत, अजून दोन दिवस गेले असते तर अवघड होतं, एवढंच म्हणाल्या. नवरा भिंतीला टेकून उभा होता. त्याने बायकोकडे पाहिलं आणि मग खाली पाहिलं. त्याने काही सुनावलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी सासूबाई शुद्धीवर नीट आल्या. सून एकटीच जवळ होती.

"आई, पाणी का नाही प्यायलात?" तिने विचारलं.

सासूबाई ओशाळल्या. खोडी पकडली गेल्यासारख्या ओशाळल्या. "रागावू नकोस गं. तुझी रोज सकाळी ते पुडकं घेऊन जायची धडपड बघवायची नाही. एवढं चांगलं काम करतेस, लोक नाव घेतात. म्हटलं, आपल्याकडून होईल तेवढं कमी करावं. मी फुकट नाही घालवलं हं पाणी, रोपाला घातलं."

त्या क्षणी धरणी दुभंगली असती तर बरणीताई आनंदाने आत गेली असती. धागासुद्धा वाया जाऊ द्यायचा नाही, असं जिने शिकवलं, ती बाई स्वतःला या घरातला कचरा समजून मोजूनमापून कमी करत होती. आणि ते तिला शिकवलं कुणी? दर शनिवारी, लोटलेल्या दाराबाहेर बसून, चढ्या आवाजात?

दोन शनिवार शिकवणी बंद राहिली. तिसऱ्या शनिवारी बायका टाळ्या वाजवतच आत आल्या. अंक छापून आला होता. प्रत्येकीच्या हातात एकेक. आतल्या पानावर बरणीताई, हातात घडी घातलेला कापडी डायपर, आणि खाली मोठ्या अक्षरांत: सगळं मनावर असतं.

तिने ठरवलं होतं, की आज सांगायचं. सकाळपासून वाक्यं जुळवली होती. पण टाळ्या ऐकल्या आणि तोंडाला कोरड पडली. पुढच्या शनिवारी सांगू, असं तिच्या मनात येऊनसुद्धा गेलं. हो, एवढं सगळं होऊनही आलं. माणसाची जात मोठी चिवट.

तेवढ्यात चष्मेवाली उठून जवळ आली. तिने पिशवीतून एक कापडी डायपर काढला. मापात शिवलेला, कडा दुमडलेल्या, पट्टी अगदी सरळ.

"ताई, माझं कुठे चुकतंय ते बघता का?" ती हळूच म्हणाली. "तुमच्याच मापाने केलेत. पण बाबांची कातडी सोलली. रात्री विव्हळतात. मी म्हटलं, ताईंचं आठ महिने चाललंय, म्हणजे माझंच मन कच्चं आहे. म्हणून बंद नाही केले."

बरणीताईने तो डायपर हातात घेतला. त्याच्या शिवणीत काहीच चूक नव्हती.

"तुझं काही चुकलं नाही," ती म्हणाली. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, कारण खोटंही तिने सगळ्यांसमक्षच सांगितलं होतं. "हे मी बारा दिवस वापरले. आईंची कातडीही अशीच सोलली. तेव्हापासून विकतचेच आणते. रोज ते बांधून बसथांब्यामागे टाकून येते, तुम्हाला दिसू नयेत म्हणून. बरणीतलं खरं आहे, पण या घराचा कचरा तेवढाच नाही. आईंनी माझं बोलणं ऐकून पाणी पिणं सोडलं. त्या मरता मरता वाचल्या. मी तुला खोटं सांगितलं. तू आजच्या आज विकतचे आण."

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईने हातातला अंक मिटून मांडीखाली सरकवला. एक बाई चपला घालून निघून गेली. चष्मेवालीने चष्मा काढला आणि ती रडायला लागली. "तीन आठवडे, ताई. तीन आठवडे मी त्यांना म्हणत होते, थोडं सहन करा." याला माफी पुरणार नव्हती. तरी बरणीताईने मागितली, आणि चष्मेवालीने ती दिली नाही.

मग बरणीताई उठली आणि आतल्या खोलीचं दार सताड उघडलं. सासूबाई उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. बाहेरच्या एवढ्या बायका बघून त्यांनी आधी केस सारखे केले. सुनेने जगमधून पेला भरून दिला, तो त्यांनी एका दमात संपवला. रिकामा पेला हातात तसाच धरून त्यांनी एकदा बायकांकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, "अजून अर्धा घेतला तर चालेल का गं?"

बरणीताईने जग उचलला आणि पेला भरला. तो जरा जास्तच भरला आणि पाणी काठावरून चादरीवर सांडलं. सासूबाईंनी घाईघाईने पेला खाली ठेवला आणि बाहीने ती ओल टिपायला लागल्या.