पाचवा तारा

तिसरी हाक मारली तरी सेन मागं वळली नाही. छातीभर पाण्यात उभी राहून पोरगी पाणकमळाचे देठ उपटत होती. पुराचं पाणी अजून ओसरलं नव्हतं. भातशेतं बुडालेली, कालवा चहासारखा गढूळ, आणि बाजारात विकायला हे देठच तेवढे उरले होते.

"शाळेत गाय अन् घरात म्हैस," होडीत बसलेली तिची आई लुआ करवादली. "हाकेला ओ द्यायची, तर जीभ झडतीय हिची."

शेजारच्या होडीत आठी मावशी जुड्या बांधत होती. "शाळेतली बाई काय म्हणती तिची?"

लुआनं फोन पुढं केला. दर शुक्रवारी शाळेतून पोरांच्या वागणुकीचा निरोप यायचा. "चार आठवडं झालं, हिरवा तारा येतोय. 'सेन वर्गात बोलत नाही, अगदी शांत असते.' आधी नुसतं लाल ठिपके यायचे. बडबडी म्हणून."

मावशीचे हात थांबले. "कान कधी वाहत होता गं तिचा?"

"झाला की बरा. लसणाचं तेल घातलं म्या."

"एकच व्हता का दोन्ही?"

परवा जेवताना पोरगी म्हणाली होती, आई, मोठ्यानं बोल. उलट बोलते म्हणून लुआनं थोबाडीत ठेवून दिली होती. ते तिला आता आठवलं.

तेवढ्यात वळणावरून वाळूची बोट आली. तिचा भोंगा असा वाजला, की काठावरची बदकं फडफडत उडाली. सेन पाठमोरी होती. भोंगा पुन्हा वाजला. तिनं निवांतपणे आणखी एक देठ उपटला.

लुआनं उडी घेतली. पोरीची वेणी हाताला लागली, तीच धरून तिला लव्हाळ्यात ओढलं. बोटीची लाट दोघींच्या डोक्यावरून गेली.

सेन भेदरून आईच्या ओठांकडं बघत होती. "ओ दिली नाय म्हणून मारतीस व्हय?" ती नको तेवढ्या मोठ्यानं बोलली.

लुआच्या होडीत फोन वाजला. मावशीनं हात लांबवून तो घेतला आणि वाचलं. "पाचवा तारा आलाय," ती हळूच म्हणाली.

पोरगी सुटलेले देठ गोळा करून बांधू लागली, तशी लुआ तिच्या पाठीमागं गेली. तिनं नाव घेतलं. मग कानाशी तोंड नेऊन ओरडली. सेन ओल्या देठांची जुडी बांधत राहिली.