बस, दालरोटी निंगते

धंदा कसा चाललाय असं कुणी विचारलं, की आमच्या ह्यांचं उत्तर ठरलेलं, "काई नाई जी, बस दालरोटी निंगते." लग्नसराईत बालाघाटपासून लामत्यापर्यंत ह्यांचेच मंडप, ह्यांच्याच खुर्च्या, तरी दालरोटीच. खरं बोललं की नजर लागते, अशी ह्यांची पक्की समजूत. रिटर्न भरतानाही वकिलाला तेच सांगितलं आणि वकिलाने तेच लिहिलं.

राजेगाव रोडवरच्या आमच्या प्लॉटवर चार दुकानं बांधायची ठरली, तेव्हा ते अंगाशी आलं. तीन दुकानं भाड्याने द्यायची आणि चौथ्यात माझं शिलाईचं दुकान. ओसरीत मशीन चालवून माझी कंबर गेली होती. मला ते दुकान हवंच होतं. कर्ज मागायला गेलो तर बँकेतल्या बाई रिटर्न पाहून म्हणाल्या, "इतने में आप लोग खाते क्या हो?"

"दालरोटी," हे म्हणाले. कुठे तोंड लपवू असं झालं मला.

शेवटी एक फायनान्सवाले तयार झाले. त्यांचा माणूस घरी येणार, धंदा डोळ्यांनी पाहणार, शेजाऱ्यांना विचारणार. आठवडाभर मी ह्यांच्याकडून घोकून घेतलं, "धंदा चांगला चालते." 'चालते'पर्यंत ठीक जायचं, पुढे आपोआप दालरोटी यायची.

तो माणूस आला. अश्विन नाव, हातात फाइल. आमच्या दारातच शेजारच्या वसंताला त्याने विचारलं, "डोमाजी की कमाई कैसी है?" वसंताला वाटलं, इन्कम टॅक्सवाला आला. तो मित्राला वाचवायला धावला. "अरे साहब, गरीब आदमी है. खुर्च्या बी किराये की, मंडप बी किराये का. हमारे भरोसे चूल्हा जलता है."

हे लालबुंद झाले. दालरोटी स्वतः म्हणणं वेगळं, वसंताने म्हणणं वेगळं.

"किराये का? अबे वसंता, तुह्या पोरीच्या लग्नात मंडप कोनाचा होता बे? सीजनमदी मले जेवाले टाइम भेटत नाई!"

सगळी गल्ली बाहेर आली. अश्विनने गोदाम पाहिलं, फोटो काढले आणि मान हलवली. ह्यांच्या एकट्याच्या कमाईवर दोनच दुकानं होतील म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "भाभीजी, आपकी भी कमाई हो तो जोड़ लेंगे. आप क्या करती हैं?"

"कुछ नहीं साहब," मी म्हणाले. "बस टाइमपास."

म्हटलं आणि जीभ चावली. ह्यांना आठवडाभर शिकवणारी मी, आणि माझं दुकान मीच घालवलं.

"झूठ बोलती है!" हे ओरडले. "अख्ख्या गल्लीचे ब्लाउज हीच शिवते. पावसाळ्यात मंडप बंद रायते, तवा घर हीच चालवते साहेब. मलेबी हीच पोसते!"

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी मला असं एकदाही म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं ते गल्लीभर ऐकू जाईल असं. मला रडू आलं, रागही आला. बायका आपणहून पुढे झाल्या. वसंताच्या बायकोने तर अंगातल्या ब्लाउजची बाही ओढून अश्विनला शिलाई दाखवली. तो बिचारा लाजून खाली पाहत म्हणाला, "बस, बस. चारों हो जाएंगी."

तो गेल्यावर मी मूठभर मीठ-मिरच्या घेऊन ह्यांच्यावरून उतरवायला गेले. एका दिवसात इतकं खरं बोलले होते, नजर लागणारच. त्यांनी माझी मूठ धरली.

"थांब वं," म्हणाले. "आज पयले तुह्यावरून."