झीज

परीक्षकाने नाणं कडेने दोन बोटांत धरलं, दिव्याखाली तिरकं केलं आणि भिंग डोळ्याला लावलं. धाकटीने श्वास रोखला. पलीकडच्या खुर्चीत दादा हाताची घडी घालून बसला होता. दोघांच्या मधे आई, मांडीवर पर्स घेऊन.

बाबा गेल्यापासून इतकी वर्षं नाणं आईच्या कपाटात होतं. आता दादाने ते विकायचं काढलं आणि बहीण-भावांत विस्तव जाईना. शेवटी ठरलं, आधी तिऱ्हाइताकडून नाण्याची प्रत ठरवून घ्यायची, प्लास्टिकच्या कवचात सीलबंद करायचं, मग काय ते भांडायचं.

"फोनवर तुम्ही कोरं म्हणाला होतात," परीक्षक म्हणाला.

"कोरंच आहे," दादा म्हणाला. "बाबा कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

"चेहऱ्याचा गाल झिजलाय. कानाजवळच्या केसांच्या रेषाही पुसट झाल्यात."

दादाने सावकाश मान वळवून धाकटीकडे पाहिलं.

"कपाटाची दुसरी किल्ली तुझ्याकडे असते ना?"

"आणि पहिली तुझ्याकडे. मी बदललं असं म्हणायचंय का तुला?"

"मी कुणाचं नाव घेतलं? खाई त्याला खवखवे."

धाकटीची कानशिलं तापली. दादाने खिशातून एक फोटो काढून टेबलावर आपटला. नाणं घेतलं तेव्हा बाबांनी मोठा करून घेतलेला. परीक्षक एकदा फोटो, एकदा नाणं असं पाहत राहिला.

"नाणं तेच आहे," तो अखेर म्हणाला. "काठाजवळ ठसा जरा घसरलाय, तो फोटोतही दिसतो."

"मग झिजलं कसं?"

"तेच बघतोय. बाजारात फिरलेलं नाणं दोन्ही बाजूंनी झिजतं. ह्याची पाठ अजून कोरी आहे. घासून पुसलं असतं तर ओरखडे असते, तेही नाहीत." त्याने नाणं कापडावर ठेवलं. "कुणीतरी हे हातात धरून गालावरून अंगठा फिरवत बसत असणार. बरीच वर्षं. प्रत चांगलीच खाली येईल."

"घरातलंच कुणीतरी," दादा दातओठ खात म्हणाला. "मी शोधून काढल्याशिवाय राहणार नाही."

वहिनीचं नाव धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिचं लक्ष आईकडे गेलं. आई दोघांकडेही बघत नव्हती. ती नाण्याकडे बघत होती आणि तिचा अंगठा पर्सच्या पितळी बटणावरून गोल गोल फिरत होता, हळूहळू, झोपलेल्या माणसाला थोपटावं तसा.

हीच आई नाण्याला सवत म्हणायची. पाहुण्यांपुढे बाबांनी डबी उघडली की म्हणायची, "आली बाहेर! आता तिलाही चहा टाकू का?" तिने कधी डबीला बोट लावलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"मी," धाकटी म्हणाली.

"काय मी?"

"मीच काढून बसायचे. घरी आले की."

दादा खुर्चीतून अर्धवट उठला. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? बाबांनी जिवापाड जपलेली वस्तू—"

"अहो," आई मधेच म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच. ती परीक्षकाशी बोलत होती. "तुम्ही त्या प्लास्टिकात घातलंत, की परत बाहेर काढता येतं?"

"नाही आजी. बाहेरून बघायचं फक्त. काढायचं तर फोडावंच लागतं."

"असं होय," आई म्हणाली. अंगठा फिरतच राहिला.

दादा तसाच अर्धवट उभा होता. तो आईच्या हाताकडे बघत होता. मग त्याने धाकटीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"मग काय करायचं? पाठवू पुढे, सीलबंद करायला?" परीक्षकाने विचारलं.

दादाने हात पुढे करून नाणं उचललं. कडेने नाही, सरळ मुठीत. परीक्षक "अहो, अहो" म्हणेपर्यंत त्याने ते आईच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं मिटवली.

"चला," तो म्हणाला. "घरी जाऊ."