ॲम्ब्रोजचा अंडरकट

कुणी काही विचारायचा अवकाश, ॲम्ब्रोजचं उत्तर तयार. गाडीचा एसी गार हवा देत नाही? ॲम्ब्रोजला विचारा. पोराला गणितात मार्क कमी पडतात? ॲम्ब्रोजला विचारा. ह्यातलं त्याला काय कळतं, एवढं मात्र विचारू नका. वसई सोडून मस्कतला येऊन त्याला पंचवीसेक वर्षं झाली होती. तिथल्या रुवी भागातल्या एका ट्रक कंपनीत कुठला ट्रक कुठं धाडायचा हे तो ठरवायचा, आणि दिवसभर ड्रायव्हरांवर ओरडून ओरडून आपल्याला जगातलं सगळंच कळतं असा त्याचा समज होऊन बसला होता. "माझ्या डोक्यात मेंदू आहे का नाही देव जाणे," तो आता स्वतःच सांगतो, "पण तोंड मात्र कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासारखं, बंद म्हणून होत नाही."

तर ह्या तोंडानंच त्याला गोत्यात आणलं.

त्याची एकुलती एक मुलगी सॅन्ड्रा. हॉटेल मॅनेजमेंट शिकली तेव्हा ॲम्ब्रोजला वाटलं, पोरगी आता कोट घालून रिसेप्शनवर बसणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'गुड मॉर्निंग' म्हणणार. ही बया शिरली किचनमध्ये! मस्कतमधल्या एका मोठ्या हॉटेलात ग्रिलवर उभी राहून स्टेक भाजायला लागली. हाताला चटके, केसांना धुराचा वास. वसईच्या मित्रांनी विचारलं की ॲम्ब्रोज नुसतं "हॉटेलात आहे" एवढंच सांगायचा आणि विषय बदलायचा.

आणि एका संध्याकाळी वादी अदाईच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, जेवायला बसता बसता सॅन्ड्रा म्हणाली, "पप्पा, मला सलालाला जॉब मिळालाय. पूर्ण ग्रिल सेक्शन माझ्याकडे. पुढच्या महिन्यात जॉइन."

सलाला! मस्कतहून हजार किलोमीटर, मधे नुसतं वाळवंट. पोरगी गेली की ह्या घरात मी आणि माझी बायको रोझलिन एकमेकांची तोंडं बघत बसणार, हे ॲम्ब्रोजला त्या क्षणी लख्ख दिसलं. पण पोटातलं ओठावर आणील तर तो ॲम्ब्रोज कसला! ओठावर आलं ते भलतंच.

"ग्रिल सेक्शन म्हणे! आगीवर मांसाचा तुकडा टाकायला कसलं आलंय सेक्शन? माझा बाप भाजायचा, त्याचा बाप भाजायचा. कुणी डिप्लोमा नव्हता केला. तुझ्यापेक्षा बरा स्टेक मी डोळे मिटून भाजीन."

सॅन्ड्रानं चमचा खाली ठेवला. "मग भाजून दाखवा."

"दाखवतो की!"

झालं. पैज लागली. पप्पा जिंकले तर सलाला खलास, मस्कतमध्येच राहून रिसेप्शनची नोकरी बघायची. सॅन्ड्रा जिंकली तर पप्पांनी एक अक्षर न बोलता तिला जाऊ द्यायचं. 'एक अक्षर न बोलता' ही अट ॲम्ब्रोजला जरा जड गेली, पण आता माघार कशी घेणार? परीक्षक म्हणून त्याचे दोन जुने वसईकर मित्र ठरले, बस्त्याव आणि इनास. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिस्सा झाली की सगळ्यांनी अल हैलच्या समुद्रावर जमायचं.

रोझलिन भांडी घासताना हळूच म्हणाली, "अहो, जिंका म्हणजे झालं." तिलाही पोरीला लांब धाडायचं नव्हतं.

गुरुवारी बाप-लेक मांस आणायला गेले. काउंटरवर भटकळचा शरीफ होता. ॲम्ब्रोजनं काचेवर बोट आपटलं. "शरीफभाई, सबसे महंगा कौनसा? वही दो." शरीफनं अंडरकटचा, म्हणजे पाठीच्या कण्याखालच्या सगळ्यात मऊ मांसाचा, एक अख्खा लांबडा तुकडा काढला. ऑस्ट्रेलियाचा, लालभडक, चरबीचा एक धागा नाही. ॲम्ब्रोजनं तो नवीन मोबाइल दाखवावा तसा लेकीला दाखवला.

सॅन्ड्रा मात्र वेगळंच काही बघत होती. तिनं बरगडीजवळचा रिब आय मागितला, तोही दोन बोटं जाड कापून. त्यात पांढऱ्या चरबीच्या शिरा गेल्या होत्या. वर पोटाकडच्या मांसाचा, फ्लँकचा, एक चपटा, दोऱ्यादोऱ्यांचा तुकडा घेतला, जो ॲम्ब्रोजनं कुत्र्यालाही घातला नसता.

"अगं, एवढी चरबी? आणि हे पायपुसणं कशाला?"

"चरबीतच टेस्ट असते, पप्पा. आणि फ्लँक नीट कापला की मस्त लागतो."

'पोरगी हरली,' ॲम्ब्रोज मनात म्हणाला आणि वाटेत त्यानं कच्ची पपई घेतली.

आता ह्या पपईचं सांगायला हवं. ॲम्ब्रोजच्या लहानपणी घरी यायचं ते म्हाताऱ्या रेड्याचं मांस. जन्मभर गाडी ओढून ओढून त्याच्या अंगाचा दोरखंड झालेला. ते शिजवायचं तर कच्ची पपई किसून रात्रभर चोळून ठेवायची, तेव्हा कुठं सकाळी त्यात दात शिरायचा. पपई लावल्याशिवाय मांस मऊ होत नाही, हे ॲम्ब्रोजच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की आधीच मऊ असलेलं मांसही जगात असतं, ही शंकाच त्याला कधी आली नाही.

संध्याकाळी त्यानं अंडरकटचे गोल तुकडे पाडले, काट्यानं टोचून टोचून त्यांची चाळण केली. वसईहून आणलेला बॉटल मसाला, आलं-लसूण, व्हिनेगर, आणि सालीसकट किसलेली पपई.

"अहो, हे लोण्यासारखं आहे. ह्याला पपई कशाला?" रोझलिन म्हणाली.

"तुला काय कळतंय? साध्या मांसाला एक वाटी लावतात. एवढ्या महागाच्या मांसाला दोन तरी हव्यात!"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. ह्याचा तर कापून, टोचून, पपई माखून फ्रिजमध्ये ठेवलेला होता.

शुक्रवारी अल हैलला सुरेख हवा होती. जानेवारीचं कोवळं ऊन, समुद्र शांत. ॲम्ब्रोजनं आपली शेगडी इकडे लावली, सॅन्ड्रानं तिची जरा लांब वाऱ्याच्या आडोशाला. बस्त्याव आणि इनास घडीच्या खुर्च्या टाकून न्यायाधीशासारखे बसले. बस्त्यावची कवळी होती आणि इनासच्या दाढा नुकत्याच काढल्या होत्या. दोघांच्या तोंडात मिळून चावण्याजोगं फारसं काही उरलं नव्हतं, पण हा मुद्दा परीक्षक निवडताना कुणाच्या ध्यानात आला नाही.

सॅन्ड्रानं मांस मघाशीच डब्यातून काढून उघड्यावर ठेवलं होतं. त्याला तिनं फक्त जाडं मीठ लावलं होतं, तेही सकाळी. आता ते कागदानं टिपून कोरडं केलं, कोळसे शेगडीच्या एका बाजूला ओढले, दुसरी बाजू रिकामी ठेवली.

"मसाला विसरलीस काय गं?" ॲम्ब्रोज लांबून ओरडला. "आणि अर्ध्या शेगडीत कोळसे? कोळशांची टंचाई आहे काय ओमानात?"

ती नुसती हसली. तिनं रिब आय निखाऱ्यांवर टाकला, दोन्ही बाजू तांबूस-काळ्या झाल्या तसा तो रिकाम्या बाजूला सरकवला आणि बोटानं हलकेच दाबून बघितला.

ॲम्ब्रोजनं डबा उघडला. चिमट्यानं पहिला तुकडा उचलला. तुकडा चिमट्यात राहिला तेवढाच, बाकीचा खाली डब्यात. त्यानं दुसरा उचलला. तोही तसाच. तिसरा हातानं धरून जाळीवर ठेवला, तर तो जाळीच्या भोकांतून हळूहळू खाली उतरायला लागला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! आपण ड्रायव्हरांना 'गाढवा' म्हणतो, घरी जाऊन आधी आरशात बघायला हवं, असं त्याला वाटून गेलं.

पण हार मानील तर शपथ. सॅन्ड्राची पाठ वळलेली बघून त्यानं जाळीवर फॉइल अंथरली, डब्यातला बहुतेक लगदा त्यावर ओतला, परतला, वर कांदा टाकला आणि पावात कोंबून परीक्षकांसमोर ठेवला. "अंडरकट! आमच्या घरची पद्धत."

बस्त्यावनं घास घेतला आणि डोळेच मिटले. "अरे देवा! ॲम्ब्रोज, चावायलाच लागत नाही रे! नुसता विरघळतो."

"आणि हा बॉटल मसाला," इनास दुसरा घास घेत म्हणाला. "आई नाताळात करायची, तस्साच. आता कुठं मिळतं असं?"

मग सॅन्ड्रानं आपलं ताट आणलं. रिब आय थोडा वेळ झाकून ठेवून मग कापला होता, वरून खरपूस, आत गुलाबी. फ्लँकच्या दोऱ्यांना आडव्या पातळ फाका केल्या होत्या. दोघांनी तोंडात घातलं, इकडून तिकडं फिरवलं, कवळी सावरली.

"छान आहे हो, बाळ," बस्त्याव म्हणाला. "पण जरा चावावं लागतं."

निकाल लागला. एकमतानं ॲम्ब्रोज!

ॲम्ब्रोजनं दोन्ही हात वर केले. रोझलिननं छातीवर क्रूस काढला. सॅन्ड्रानं बापाच्या पावातला एक घास घेतला, सावकाश खाल्ला आणि त्याच्याकडे बघितलं. तिला सगळं कळलं होतं. पहिल्या घासालाच कळलं होतं. तरी ती म्हणाली, "ओके. पैज ती पैज. उद्या सलालाला नाही म्हणून कळवते." आवाजात राग नव्हता, म्हणूनच ॲम्ब्रोजला ते फार लागलं.

ती आपल्या सुऱ्या पुसायला लागली. मग काहीतरी आठवल्यासारखं करून तिनं एक बशी त्याच्यापुढं केली. "पप्पा, तुम्ही तर खाल्लंच नाही."

खरंच की. आणि आजच कशाला? चार वर्षं पोरगी ग्रिलवर उभी होती, ह्यानं तिच्या हातचा एक तुकडा कधी तोंडात घातला नव्हता. ॲम्ब्रोजनं रिब आयची एक फाक उचलली.

काय सांगावं? बाहेरून कुरकुरीत, आत रसाळ, आणि मांसाला मांसाची चव! मसाल्याची नाही, व्हिनेगरची नाही, मांसाची. त्यानं फ्लँक खाल्ला. ज्याला तो पायपुसणं म्हणाला होता ते असं लागत होतं, की त्याला आणखी हवंसं झालं. हे आपल्या पोरीनं केलं? त्याचा ऊर भरून आला आणि लगेच लाजही वाटली. असल्या हाताला आपण रिसेप्शनवर बसवून 'गुड मॉर्निंग' म्हणायला लावणार होतो!

"थांबा!" तो ओरडला. "निकाल चुकलाय. माझा अंडरकट बिघडला होता. लगदा झाला होता त्याचा. मी पावात लपवला."

बस्त्याव हसला. "बघ इनास, ॲम्ब्रोजला विनय आला."

"अरे, विनय नाही! रात्रभर पपई लावून ठेवली मी!"

"बापमाणूस आहेस," इनासनं डोळे पुसले. "लेकीसाठी खोटं बोलतोयस."

आता घ्या! जन्मभर थापा मारल्या त्या लोकांनी गिळल्या, आणि आज पहिल्यांदा खरं बोलला तर कुणी ऐकेना. ॲम्ब्रोज बायकोकडे वळला. "रोझलिन, सांग ह्यांना. पपई लावली होती की नाही?"

रोझलिननं समुद्राकडे बघितलं. "कसली पपई?" ती म्हणाली. "मला नाही बाई माहीत."

ॲम्ब्रोजला तिचा राग आला नाही. मघापर्यंत तोही पोरीला अडवायला हेच करत होता.

मग त्यानं डबा उचलला, उरलेला शेवटचा तुकडा काढला आणि सगळ्यांसमोर उघड्या जाळीवर ठेवला. तुकडा बसला, पसरला, आणि बघता बघता भोकांतून थेंबाथेंबानं निखाऱ्यांत पडला. धूर झाला. बस्त्याव उठून वाकून बघायला लागला.

"हा माझा स्टेक," ॲम्ब्रोज म्हणाला. "तुम्हाला आवडला, कारण तुम्हाला दात नाहीत. मला काही येत नाही, बस्त्याव. स्टेक येत नाही, मुलीला 'जाऊ नकोस' असं सरळ सांगता येत नाही. येतं ते हिला येतं. ही जिंकली."

सॅन्ड्रानं सुरी खाली ठेवली आणि बापाच्या गळ्यात पडली, धुराच्या वासासकट. "पप्पा, तुम्हाला... म्हणजे, मी गेले तर वाईट वाटेल ना?"

"घर खायला उठेल मला," तो म्हणाला. "पण तू जा. मी स्वतः गाडीनं सोडायला येतो."

रोझलिन पदरासारखी ओढणी तोंडाला लावून रडत होती. मग तिनं नाक पुसलं, सॅन्ड्राच्या बशीतली उरलेली फाक उचलून तोंडात टाकली, बराच वेळ चावली.

"मीही येणार," ती नवऱ्याला म्हणाली. "जाताना ठीक आहे. परत येताना तुम्ही एकटे रडत रडत गाडी चालवाल आणि कुठल्यातरी उंटावर नेऊन घालाल."