नमुन्याची पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. सुताराच्या अवजारांची. जुनी म्हणजे तशी फार नाही, सात वर्षांची. पण भोपाळमधल्या एका सरकारी कचेरीत, एकाच खोलीत, एकाच कुशीवर सात वर्षं पडून बघा, म्हणजे कळेल.

माझा जन्म शहराबाहेरच्या तुरुंगात झाला. दचकू नका. तिथं सुतारकाम शिकवत. दत्तात्रय मास्तर शिकवायचे आणि पांढुर्ण्याचा बाळू हा त्यांचा एक विद्यार्थी होता. बाळूच्या हातून एक वाईट गुन्हा घडला होता आणि तो ते कधी नाकारत नसे. सुरुवातीला त्याला सरळ रेघसुद्धा मारता येत नव्हती. मास्तर म्हणायचे, "अरे बाबा, रेघ काढतोस की नदी?" पुढे त्याचा हात असा बसला, की मास्तर त्याचं काम तपासायचेच नाहीत.

मास्तरांना एक काळजी होती. कैदी सुटतो तेव्हा कसब घेऊन सुटतो, पण सुताराला कामावर घेताना दुकानदार आधी विचारतो, "स्वतःची अवजारं आहेत का?" तिथंच सगळं अडतं. म्हणून सुटणाऱ्या प्रत्येक सुताराला सरकारनं अवजारांची पेटी द्यावी, असा प्रस्ताव त्यांनी लिहिला. सोबत नमुना हवा, म्हणून बाळूनं मला घडवलं. कोर्टाच्या बाकांसाठी आलेल्या सागाच्या उरलेल्या फळ्यांतून. मास्तरांनी पदरमोड करून माझ्या पोटात रंधा, पटाशी, करवत, हातोडी आणि काटकोन तपासायचा गुण्या ठेवला. बाळूला म्हणाले, "तू सुटशील तेव्हा पहिली पेटी तुझी." बाळूनं माझ्या झाकणावरून हात फिरवला. तेव्हा मला आनंद झाला होता. फार झाला होता.

मग प्रस्तावासोबत मी कचेरीत आले, तिथल्या कारकून नलिनीताईंच्या टेबलापाशी. ताईंचे आजोबा नागपूरहून सरकारी नोकरीपायी इकडे आले, त्यामुळे ताई फाइलशी हिंदीत बोलतात आणि स्वतःशी मराठीत. पहिल्या वर्षी माझं कौतुक काय वर्णावं! जो येई तो झाकण उघडी, सागाचा वास घेई. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षी खरंच मंजुरी आली, कचेरीत पेढेसुद्धा वाटले. पैसे मात्र हाती आले अठ्ठावीस मार्चला. तीन दुकानांची दरपत्रकं मागवायची, उघडायची, सह्या घ्यायच्या, तोवर एकतीस तारीख टळली आणि पैसे होते तसे परत गेले.

तिसऱ्या वर्षी नव्या मागणीच्या तक्त्यात एक रकाना होता, मागील वर्षाचा खर्च. ताईंनी प्रामाणिकपणे शून्य लिहिलं. का शून्य, ते लिहायला तिथं जागाच नव्हती. वरून उत्तर आलं, खर्च नाही म्हणजे गरज नाही. तेव्हापासून योजनेचं नाव पुसलं जाऊ नये एवढ्यासाठी दरसाल एक हजार रुपये ठेवतात. एक हजारात काय येतं हो? ताई किती दिवस स्वतःला बोल लावत होत्या, "एक ओळ समासात लिहिली असती तर माझं काय जात होतं!"

वार्षिक पुस्तिकेत मात्र माझा फोटो दरवर्षी छापतात. आधी मला राग यायचा. मग येईनासा झाला. शिपाई दर शुक्रवारी फडक्यानं पुसतो, तेही आता जाणवत नाही.

गेल्या थंडीत बाळू आला. सुटून तिसरा दिवस होता. केस पिकले होते, पण मी ओळखलं. आनंद नगरमधल्या एका फर्निचरवाल्यानं त्याला सोमवारी बोलावलं होतं, पण अवजारं घेऊन. नाहीतर दुसरा माणूस तयारच होता.

"ताई, ती पेटी मास्तर माझी म्हणाले होते," तो म्हणाला.

ताईंचा चेहरा उतरला. "दादा, ती नमुन्याची आहे. फाइलला जोडलेली. ती दिली तर फाइल बंद होईल आणि योजनाही जाईल."

"आजवर किती जणांना मिळाल्या?"

"अजून कुणालाच नाही."

बाळूला पटावं म्हणून ताईंनी नोंदवही काढली आणि बोट ठेवून वाचलं, "नमुना पेटी, लाकडी, नग एक." आणि थांबल्या. पुन्हा वाचलं. मग त्यांनी खणातून भाजीची पिशवी काढली, मला कपाटावरून खाली उतरवलं, आणि रंधा, पटाशी, करवत, हातोडी, गुण्या, सगळं एकेक करून पिशवीत भरलं.

"आतलं काही इथं लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "घेऊन जा. पेटी मात्र राहू दे."

बाळूच्या डोळ्यांत पाणी आलं. पिशवी छातीशी धरून तो म्हणाला, "पेटीचं काय ताई! पेटी मी दुसरी करीन." आणि मागं वळून न बघता तो गेला.

संध्याकाळी साहेबांनी मला सरकवायला उचललं. मी भलतीच हलकी लागले. त्यांनी ताईंकडे पाहिलं, मला हळूच खाली ठेवलं आणि म्हणाले, "मैडम, इसे ज़रा ऊपर रखवा दीजिए. कोई खोले नहीं."

आता मी छताला लागून आहे. बाळूला काम मिळालं, असं मास्तरांनी ताईंना कळवलं. मला बरं वाटायला हवं. वाटत नाही. दुःखही होत नाही. त्यानं दुसरी पेटी केली असेल, माझ्यापेक्षा चांगली असेल.

मित्रांनो, आम्ही वस्तू आत्मकथेच्या शेवटी सांगतो, की आम्हाला जपा. मी ते सांगणार नाही. मला फार जपलं. उद्या तुमच्यापैकी कुणी साहेब होऊन या खोलीत आलं, तर माझा फोटो काढू नका. मला खाली घ्या, झाकण उघडा. मी रिकामी दिसले तर चोरी कुणी केली हे विचारत बसू नका. या सात वर्षांत तुरुंगातून किती सुतार रिकाम्या हातांनी घरी गेले, ते विचारा.