एक घंटी थांबायची

शेजाऱ्यांचा खांबावरचा मेलबॉक्स गाडीच्या धक्क्याने पहिल्यांदा पडला तेव्हा दोष बर्फावर टाकता आला. दुसऱ्यांदा पडला तो जूनमध्ये, आणि अमेरिकेतल्या ईडन प्रेरीत जूनमध्ये बर्फ नसतो, हे रवींद्ररावांना मान्य करावं लागलं.

दोन्ही वेळा सुहासिनीबाई कॅमरी गाडीत शेजारच्या सीटवरून "थांबा" म्हणाल्या होत्या आणि दोन्ही वेळा रवींद्रराव "दिसतंय मला" म्हणाले होते. लग्न झाल्यापासून बाई थांबा म्हणत आल्या होत्या आणि त्यांना दिसत आलं होतं.

"बाबा, चार जुलैची परेड झाली की कॅमरीची किल्ली मला द्या," मुलगा देवांग म्हणाला. "आय ॲम सीरियस."

इथल्या उपनगरात किल्ली गेली, की माणूस कोथिंबिरीसाठीसुद्धा मुलाची मीटिंग संपायची वाट बघतो. रवींद्ररावांनी अशी दोन-चार माणसं पाहिली होती. ती खिडकीत बसून झाडावरच्या खारी मोजत.

स्वातंत्र्यदिनाच्या परेडपर्यंतची सवलत मिळाली ती लार्समुळे. या निवृत्त शाळामास्तरांनी हौसेने जुनी इंग्लिश दुमजली बस पाळली होती, लेलँड टायटन. ती दरवर्षी परेडमध्ये चालायची, पण यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि उजवीकडे बसून गाडी हाकणारा माणूस गावात मिळेना. रवींद्रराव तरुणपणी पुण्याच्या बस डेपोत होते. दुरुस्त झालेल्या टायटन, मागे घंटीला एक जण उभा करून, आवारात फिरवून बघायचं काम त्यांच्याकडेच असे. रस्ता बंद, वेग पायी चालण्याचा, म्हणून देवांगने हो म्हटलं. मात्र तो फुटपाथवरून सोबत चालणार होता.

जेवताना रवींद्ररावांनी इतिहास काढला. "एकोणीसशे सत्तावीसची कल्पना. इंजिन पुढे, ड्रायव्हर त्याच्या शेजारच्या खोक्यात एकटा, आणि दार पार मागे. इंग्लंडभर चालली, मग आपल्याकडे मद्रासलाही बनायला लागली. ड्रायव्हरशी बोलायची सोयच नव्हती. कंडक्टरने दोरी ओढायची. एक घंटी थांबायची, दोन निघायची."

"बोलायची सोय नव्हती," सुहासिनीबाई आमटी वाढत म्हणाल्या. "म्हणूनच आवडते तुम्हाला."

"मग शहाण्यांनी इंजिन मागे नेलं. दार ड्रायव्हरशेजारी आलं, तिकीटही तोच द्यायला लागला. इंजिन मागे गेलं आणि कंडक्टर घरी गेला."

"सो, बेटर डिझाइन," देवांग म्हणाला.

रवींद्ररावांनी भात कालवला. मुलाला अमेरिकेत वाढवलं की असं होतं.

लार्सचा नियम एकच होता: कंडक्टरशिवाय टायटन हलणार नाही. घंटीची भाषा इतकी वर्षं ऐकत आलेलं गावात दुसरं कोण होतं? परेडच्या सकाळी सुहासिनीबाई खाकी रंगाची पैठणी शोधून थकल्या आणि शेवटी मोतिया रंगाच्या साडीत मागच्या पायरीवर उभ्या राहिल्या. पायरी डावीकडे, म्हणजे अमेरिकेत नेमकी रस्त्याच्या मधोमध.

"माझं ऐकू नाही आलं तर?" त्यांनी विचारलं.

"ऐकू येणारच नाही," रवींद्रराव खोक्यात चढत आनंदाने म्हणाले.

डबल घंटी झाली. टायटनने एक उसासा टाकला आणि ती निघाली. पुढे हायस्कूलचा बँड, वरच्या मजल्यावर मराठी मंडळाची ढोल मंडळी, उजव्या फुटपाथवर देवांग, नजर वडिलांच्या हातांवर. रवींद्ररावांना वाटलं, बघ लेका. क्लच बघ, रेषा बघ. किल्ली घेऊन दाखव आता.

तेवढ्यात एक घंटी वाजली.

समोर रस्ता मोकळा होता. कारण दिसत नव्हतं. एरवी ते नक्की म्हणाले असते, दिसतंय मला. पण म्हणणार कोणाला? पाय ब्रेकवर जाऊन बसलाही होता. त्याने डेपोतली सवय सोडली नव्हती आणि मालकाला विचारलंही नव्हतं. टायटन जागच्या जागी थांबली. वर एक ढोल दुसऱ्यावर आपटला.

लांबलचक बॉनेटच्या डाव्या अंगाने, चाकाच्या अगदी पुढ्यातून, हळूहळू एक मोठा पितळी भोंगा वर आला. मग त्यात अडकलेला बँडवाला. वाऱ्याने उडालेली टोपी घ्यायला तो मागे आला होता आणि वाकला होता. खोक्यातून तो दिसणं शक्यच नव्हतं; मागच्या डाव्या पायरीवरून मात्र दिसत होता. त्याने टोपी घातली, बसला सलाम ठोकला आणि पळाला.

फुटपाथवर देवांगचा चेहरा पांढरा पडला होता. रवींद्ररावांचाही फार वेगळा नसावा.

मागून डबल आली. ते निघाले.

संध्याकाळी देवांगने किल्ली मागितली नाही. टेबलावरची उचलली, क्षणभर तळहातावर धरली आणि परत ठेवली.

"तुम्हाला दिसलं नव्हतं, बाबा."

"नाही."

"तरी थांबलात." त्याने किल्ली त्यांच्याकडे सरकवली. "ओके. आई सोबत असेल तरच. नो एक्सेप्शन्स."

तो गेल्यावर सुहासिनीबाईंनी विचारलं, "मी इतकी वर्षं थांबा म्हणते तेव्हा थांबत नाही. घंटीला बरे थांबलात?"

रवींद्ररावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "घंटी नंतर 'मी सांगत नव्हते का' म्हणत नाही."

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ भांडी वाजवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी कोथिंबीर संपली होती. सुहासिनीबाई कॅमरीत बसल्या तेव्हा त्यांच्या मांडीवर स्टीलची वाटी आणि चमचा होता. रवींद्रराव गाडी मागे घेऊ लागले. शेजाऱ्यांचा मेलबॉक्स, नवाकोरा, मागे उभा होता. त्यांना तो दिसत होता, असं त्यांचं आजही म्हणणं आहे.

वाटी एकदा वाजली. गाडी थांबली.

त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, मेलबॉक्सला वाट दिली आणि शेजारी न बघता थांबून राहिले. बाईंनीही घाई केली नाही. आरशात बघितलं, पदर नीट केला आणि मग चमच्याने डबल दिली.