पडवीतल्या दोघी

माझं डोकं जात्याच तापट. माहेरी म्हणायचे, ही सासरी चार दिवस टिकायची नाही. पण बेलवलीच्या घरात सासूबाई भेटल्या त्या माई, आणि मी विरघळलेच. बाई इतकी मायाळू की मला नुसती शिंक आली तरी काढा उकळायच्या. त्यांच्याशी भांडायचं म्हटलं तर आधी मलाच रडू यायचं.

फक्त महिन्याचे ते तीन दिवस माई माझ्या कुणी नसायच्या. मी मागच्या पडवीत बाहेर बसायची आणि त्या माझ्या ताटात वरून भाकरी टाकायच्या. लांबूनच विचारायच्या, "कुमुद, फार दुखतंय का गं?" दुखायचं तर खरंच. मग गोदूबाई यायची आणि माझी कंबर दाबून द्यायची.

गोदूबाई आमच्या गोठ्यातलं शेण काढायची. तिच्या जातीचं माणूस शिवून घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. पडवीच्या आत तिचं पाऊल पडलेलं नव्हतं, आणि तिलाही भाकरी वरूनच. ती हसून म्हणायची, "आता कोन कुनाला इटाळनार, वैनी?" आम्ही दोघी सागरगोटे खेळायचो, खिदळायचो. त्या दिवसांत मला माणसाचा हात लागायचा तो तिचाच.

छप्पन सालची गोष्ट. चौथ्या दिवशी सकाळी मी न्हाऊन केस पुशीत उभी होते. गोदूबाई पाटी घेऊन आली. मी सवयीनं तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले, तर चटका बसावा तशी ती मागे सरली. "शिवू नको! न्हायलीस ना तू?" म्हणाली आणि शेण भरून निघूनही गेली.

मी न्हाले की सुटले. हिनं किती न्हायचं?

आतून माईंची हाक आली, "ये गं, चहा निवतोय."

मी तिथंच फतकल मारून बसले. "गोदूबाई आत येईल तेव्हाच मी येईन. मग महिना लागो नाही तर वर्ष."

"भलतंच काय!" माई दारात आल्या.

आमचे हे, श्यामकांत, अंबरनाथच्या कारखान्यात साहेब. पेपरामागून म्हणाले, "माई, आता कायदा झालाय. शिवाशीव गुन्हा आहे."

"मग बोलवा ना तिला आत!" मी ओरडले.

"गाडी चुकेल," म्हणाले आणि डबा घेऊन सटकले. कायदा गेला अंबरनाथला!

दुपारी माईंनी ताट आणून माझ्यापुढे ठेवलं. मी हात लावला नाही. त्याही जेवल्या नाहीत, उंबऱ्याच्या आत नुसत्या बसून राहिल्या. "मी तुला काय कमी केलं गं?" एवढंच म्हणाल्या. वाटलं, उठावं, त्यांच्या कुशीत शिरावं, जाऊ दे सगळं. खोटं कशाला बोलू? पण उठले असते तर पुन्हा गोदूबाईकडे कुठल्या तोंडानं बघणार होते? बसून राहिले.

संध्याकाळी गोदूबाई आली. मी मोठ्या ऐटीत तिला सगळं सांगितलं. तिनं पाटीच आपटली.

"मला इचारलंस? तू खुशाल रुसशील. तुला नवरा हाय, घर हाय. गाव म्हनंल, गोदीनं साहेबाची बायको फितवली. माजी कामं गेली तर तू पोसशील?"

डोळ्यांत पाणी आलं. आत माई उठून उभ्या राहिल्या.

"हिनं नाही विचारलं. मीही इतकी वर्षं नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "गोदू, तुला यायचंय का आत? गावाला काय सांगायचं ते मी सांगेन."

गोदूबाईनं खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "पाय भरल्यात शेनानं."

माईंनी तांब्या आणला आणि स्वतः वाकून तिच्या पायांवर पाणी घातलं. ती "नको नको" करत राहिली. मग तिनं माझा हात घट्ट धरला आणि आम्ही दोघींनी उंबरा ओलांडला.

माजघर झालं, स्वयंपाकघर झालं. चूल, मांडणीवरचे डबे, कोनाड्यातले देव, सगळं तिनं मान वळवून वळवून पाहिलं. मग ती माईंकडे वळली.

"एवडंच हाय व्हय आत?"

"एवढंच गं बाई," माई म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या.